काळ्या पाण्याला गेलेल्या खापरपणजोबांचं पुढे काय झालं असेल?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावानं विचारलं आहे: ‘आमच्या खापरपणजोबांनी धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात भावकीतल्या एकाचा खून केला आणि त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. साल नक्की ठाऊक नाही, १८९० च्या आसपासचं असावं. घरात सांगतात की ते सेल्युलर जेलमध्ये कोलू (तेलाचा घाणा) ओढता ओढता मेले. हे खरं का? तिथल्या भिंतीवर त्यांचं नाव असेल का? त्यांनी तिकडे दुसरं घर केलं असेल का? कागद कुठे मिळतील?’

मी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही लोकांची जुनी कागदं धुंडाळत बसतो. वऱ्हाडातून असा प्रश्न बराच येतो. घरात एखादी म्हातारी असते, ती म्हणते, ‘बुढा काया पान्यावर गेला तो गेलाच.’ त्याच्या पुढचं कोणाला काही माहीत नसतं, मग ती जागा सिनेमातला कोलू भरून काढतो.

भाऊ, साल १८९० च्या आसपासचं असेल तर सेल्युलर जेल तेव्हा नव्हतं. त्याचं बांधकाम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. तुमचे खापरपणजोबा तिथे पोचले असतील तर ते जेल त्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. बांधणारे मजूर कैदीच होते, तेव्हा त्यांच्या डोक्यावरूनही विटा गेल्या असतील. भिंतीवरच्या नावांचा नाद सोडा. जेलमध्ये संगमरवरावर कोरलेली नावं क्रांतिकारकांची आहेत. धुऱ्यावरून, बाईवरून, पाण्याच्या पाळीवरून खून करून गेलेल्या माणसाचं नाव तिथे कोणी कोरलेलं नाही. आणि अंदमानात गेलेल्यांत भरणा अशाच माणसांचा होता. १९०१ च्या जनगणनेत पोर्ट ब्लेअरला सुमारे १२ हजार कैदी होते आणि सावरकर बंधूंचं नाव तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हतं.

आता थोडं मागचं. १८५७ च्या उठावानंतर कैदी ठेवायला जागा हवी म्हणून इंग्रजांनी अंदमान निवडलं. डॉ. वॉकर नावाचा अधिकारी २०० कैदी घेऊन १० मार्च १८५८ रोजी तिथे उतरला. पहिली काही वर्षं फार वाईट गेली: ताप, उपासमार, जंगलात पळालेल्यांवर तिथल्या आदिवासींचे बाण, आणि परत पकडून आणलेल्यांना फाशी. वॉकरनं अशा ८० हून अधिक जणांना एकाच दिवशी फासावर चढवलं. त्याच वर्षी आपल्या चांद्याकडे (आताच्या चंद्रपूरकडे) गोंडांचं बंड झालं. बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्यात फाशी दिली आणि त्यांचे साथीदार व्यंकटराव यांना १८६० मध्ये जन्मभर काळ्या पाण्याची सजा झाली. विदर्भाचा या शिक्षेशी संबंध इतका जुना आहे. १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली आणि खुनाला फाशी किंवा काळं पाणी, दोन्हीपैकी एक, असं कलम ३०२ मध्ये आलं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा, पण खुनाला इथेही हाच कायदा लावत.

आणखी एक शक्यता लोक विसरतात. शिक्षा झाली म्हणजे माणूस जहाजात बसलाच असं नाही. पाठवण्याआधी डॉक्टर तपासत. म्हातारा, रोगी, पांगळा असेल तर त्याला देशातल्याच जेलात ठेवत आणि त्याची सगळी सजा तिथेच जाई. कायद्यानं जहाजाची वाट बघण्यातला काळही शिक्षेत धरला जाई. तेव्हा तुमचे खापरपणजोबा अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या जेलातच वारले असतील हेही तपासायला हवं. गावानं मात्र त्यांना केव्हाच समुद्रापार पोचवलं असेल, कारण निकाल सगळ्यांनी ऐकलेला आणि जेलातला दाखला कोणी पाहिलेला नसे.

समजा, गेलेच. वय तीस, अंगानं धट्टाकट्टा, सजा १८९१ ची. त्यांचं आयुष्य मग कसं चाललं असेल ते सांगतो. हे सगळं नियमांवर आधारलेलं आहे. प्रत्येकाच्या वाट्याला ते जसंच्या तसं आलं असेल असं मी म्हणत नाही.

बेड्या घालून रेल्वेनं बंदरापर्यंत नेत. जहाजं कलकत्ता, मद्रास आणि रंगूनहून सुटत. समुद्र न पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला तळघरासारख्या जागेत चार-पाच दिवस कोंडलेलं असे. मरणाइतकीच भीती जात बुडण्याची होती. उतरल्यावर गळ्यात लोखंडी कडी आणि त्यात लाकडी बिल्ला. बिल्ल्यावर वर कैद्याचा नंबर, खाली कलम, त्याखाली शिक्षेची तारीख आणि सुटका केव्हा त्याची तारीख. हा बिल्ला जरा लक्ष देऊन समजून घ्या. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही गळ्यात त्याच्या सुटकेचं साल लटकत होतं. फासावरून वाचलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगितलं जाई की तू वीस-पंचवीस वर्षांनी सुटू शकतोस. आपल्याकडे ‘तिथून कोणी परत येत नाही’ हे पक्कं धरून बसले होते, आणि सरकार मात्र परत जायची तारीख लाकडावर लिहून देत होतं.

पहिला काळ सर्वात हालाचा. कैद्यांच्या टोळीत जंगलतोड, दलदल भरणं, दगड फोडणं, जहाजांचा माल उतरवणं, चॅथमच्या लाकडाच्या गिरणीवर ओंडके ओढणं. रात्री बराकीत कुलपात. पोर्ट ब्लेअरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या यवतमाळच्या तिप्पट. मे महिन्यात लागलेली झड डिसेंबरपर्यंत पुरती उघडत नाही. जळवा, हिवताप, पायाची जखम न भरणं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला रोज भात. (भंडारा-गोंदियाचा माणूस असता तर निदान भात आणि बांधी दोन्ही ओळखीचं निघालं असतं.) बेशिस्त केली तर वायपर बेटावर साखळदंडाच्या टोळीत टाकत. फाशीचा खांबही तिथेच होता. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला फेब्रुवारी १८७२ मध्ये भोसकणारा शेर अली तिथेच फासावर गेला. तो स्वतः खुनाच्या सजेवर आलेला कैदीच होता.

तुम्ही म्हणता तो कोलू, एकान्त कोठडी, दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायची सक्ती, हे सेल्युलर जेल झाल्यानंतरचं आहे आणि राजकीय कैद्यांनी ते जास्त भोगलं. सामान्य कैद्याला नवीन नियमानं पहिले सहा महिने तिथल्या कोठडीत आणि पुढे दीड वर्ष जेलमध्ये काढावं लागे. ही कडक सुरुवात का आणली त्याची गंमत आहे. लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी १८९० मध्ये पाहणी करून सरकारला कळवलं की गुन्हेगार आता अंदमानला भीत नाहीत, उलट देशातल्या जेलात वर्षानुवर्षं सडण्यापेक्षा त्यांना तिकडे जाणं बरं वाटतं. म्हणून सुरुवातीला धाक बसवायला जेल बांधा. म्हणजे सेल्युलर जेल बांधलं ते काळं पाणी पुरेसं भयंकर राहिलं नव्हतं म्हणून.

बरं का वाटत असेल ते पुढे पाहा. पाच-सहा वर्षं नीट काढली की काम हलकं व्हायचं, हातखर्चाला थोडे पैसे मिळायचे, ते तिथल्या बचत खात्यात ठेवताही यायचे. वागणूक चांगली असेल तर कैद्यातूनच मुकादम नेमत: वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल, जमादार अशी उतरंड. टोळीवर काठी घेऊन उभा राहणारा माणूस स्वतः खुनीच असायचा. तुमच्या घरच्या गोष्टीत बुढा मार खाणारा आहे. तो मारणाराही असू शकतो, आणि तसं कागदात सापडलं तर दचकू नका.

दहा वर्षं पुरी झाली की खरा बदल. त्याला तिकीट मिळायचं. म्हणजे जेलबाहेर, गावात राहायचं, स्वतः कमवायचं, स्वतः खायचं. सुरुवातीला सरकार घर, अवजारं, धान्य यांची थोडी मदत करी. मग जमीन कसायची, गुरं ठेवायची, दूध विकायचं, कोणी सुतारकाम करी, कोणी दुकान टाकी. नमुनाघर, मंगलुटान, मिठाखाडी, बांबू फ्लॅट अशी गावं कैद्यांच्याच घामानं उभी राहिली. आजही तिथे लोक राहतात. पण हा मोकळेपणा दोरी लांब सोडलेल्या बैलाचा. बेट सोडायचं नाही, रिकामं बसायचं नाही, हजेरी चुकवायची नाही. कोर्टकचेरीत इतर माणसांसारखे हक्क नाहीत. गुन्हा केला की पुन्हा टोळीत.

शेतकऱ्याच्या पोराला मात्र याचं मोल वेगळं होतं असं मला वाटतं. धुऱ्यावरच्या नांगराच्या चार ओळींपायी माणूस मारला, गावचं वावर गेलं, आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच मुलखात सरकारनं जंगल तोडलेल्या जमिनीचा तुकडा हातात दिला. १८९१ ची सजा धरली तर १९०१ ला ते चाळीस वर्षांचे, तिकीटवाले शेतकरी. सेल्युलर जेल पुरं झालं तेव्हा ते भातात गुडघाभर उभे असतील.

आता दुसऱ्या घराचं.

तिकीटवाल्याला दोन वाटा होत्या: देशातून बायकोमुलं बोलावून घ्यायची, किंवा तिथल्याच कैदी बाईशी लग्न करायचं. पहिली वाट कायद्यानं मोकळी होती, पण आपल्याकडे ती किती जणांनी धरली असेल? बायकोनं समुद्र ओलांडायचा, जात सोडायची, लेकरांची लग्नं कुठे करायची? आणि दहा वर्षं ती थांबणार कशी? कुणब्यांत, तेल्यांत, माळ्यांत पाट लावायची रीत होती. नवरा काळ्या पाण्याला गेला म्हणजे मेला असं धरून दोन-चार वर्षांत दिराशी किंवा दुसऱ्या कोणाशी तिचा पाट लागे. घरात हे सांगत नाहीत. तुमच्या वंशावळीत खापरपणजी एकीकडे आणि तिची धाकटी मुलं दुसऱ्या आडनावाची दिसली, तर उत्तर तिथेच आहे. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. पोटाला दोन पोरं असलेली बाई काय करणार होती?

दुसऱ्या वाटेत अडचण बायांच्या संख्येची. बारा हजारांत बाया हजारही नव्हत्या. त्या साउथ पॉइंटच्या वेगळ्या बाईजेलात असत. पाचेक वर्षांनी त्यांना तिकीटवाल्याशी लग्न करायची परवानगी मिळे, आणि तेही दोघांची चौकशी होऊन. या बाया कोण? नवऱ्याला विष घातलेल्या काही, आणि पुष्कळ अशा की ज्या विधवा होत्या, दिवस गेले आणि लोकलाजेपायी जन्मलं मूल मारलं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली, मग ती शिक्षा काळ्या पाण्यावर आणली आणि पुढे आणखी कमी केली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांना नावं ठेवली गेली म्हणून चिडून आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये लेखणी उचलली. ज्यांच्यासाठी अशी लेखणी कोणी उचलली नाही त्या बाया साउथ पॉइंटला पोचल्या.

तिथे लग्न झालं की जात, भाषा, प्रांत सगळं मिसळायचं. वऱ्हाडी नवरा, बंगाली किंवा अवधची बायको, घरात हिंदुस्तानी बोली. त्यांची मुलं स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवत, आणि त्यांचे वंशज आजही पोर्ट ब्लेअरला (आताचं नाव श्री विजयपुरम) आहेत.

परत न येण्याचं मोठं कारण याच लग्नात दडलंय. नियम असा होता की नवराबायको दोघंही कैदी असतील तर एकाची मुदत संपली तरी दुसऱ्याची संपेपर्यंत थांबायचं आणि बेट सोडायचं ते दोघांनी मिळून. समजा बुढ्याची सुटका १९११ ला, पण बायको १९०० ला आलेली. मग तो आणखी कितीतरी वर्षं तिथेच. तोवर साठी उलटली, पोरं तिथल्या शाळेत, वावर तिथे, आणि दारव्ह्याच्या गावात त्याची बायको चुलतभावाच्या घरात नांदते आहे. सरकारनं जायला मोकळीक दिली तरी तो कुठे जाणार?

तरी काही परत आले. मुदत संपलेल्याला सरकार जहाजानं देशात पोचवी. गावी आलेल्याला आधी जातीत घ्यायचा प्रश्न: प्रायश्चित्त, जातीला जेवण, देणं. ज्यांना ते परवडलं नाही ते दूरच्या गावात, कापसाच्या जिनात, रेल्वेच्या कामावर राहिले. एखाद्या गावात मूळ माहीत नसलेला, हिंदी मिसळून बोलणारा म्हातारा होता अशी आठवण निघते, ती मी हसण्यावारी नेत नाही.

जमिनीचं वेगळं. तेव्हाच्या दंड संहितेत काही गंभीर गुन्ह्यांत मालमत्ता जप्त करायचा अधिकार कोर्टाला होता (ती कलमं १९२१ मध्ये रद्द झाली), पण साध्या खुनाच्या खटल्यात तो नेहमी वापरत असं नाही. बहुतेक वेळा भावकीनंच नाव कमी करून घेतलं. १८७२ च्या पुरावा कायद्यात सात वर्षं खबर नसलेल्या माणसाला मेलेला धरायची सोय होती, तिचाही आधार घेत. तो कुठे आहे हे सरकारला माहीत होतं. सरकारला विचारायचं कारण भावकीला नव्हतं.

कागद शोधायचे तर पहिलं, जिल्ह्याचं नाव नीट धरा. तुमचं दारवं तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात नव्हे, ‘वून’ जिल्ह्यात होतं. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ ला मिळालं. पुसदवाल्यांनी त्याआधीचं वाशीमच्या नावानं पाहावं. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. तोवर त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे, म्हणजे इंग्रजांच्या तिथल्या प्रतिनिधीकडे, होता. म्हणून १८९० च्या कागदासाठी नुसतं नागपूरच्या पुराभिलेखागारात जाऊन उपयोग नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हैदराबाद रेसिडेन्सीची दप्तरं आहेत आणि गृह खात्याची पोर्ट ब्लेअर शाखाही आहे. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहता येते. खुद्द पोर्ट ब्लेअरचं बरंच दप्तर १९४२ ते ४५ च्या जपानी अमलात गेलं, तेव्हा तिकडचं तिकीट काढायची घाई करू नका. तुमचं नाव काढून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यालाही दूर ठेवा.

नाव शोधताना आडनाव टाकू नका. त्या याद्यांत कैद्याचं नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा आणि कलम असतं. इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं: सुखदेवचा सूकडू होतो, गणूचा गुनू. बापाचं नाव आणि जात जुळली की मगच पुढे जा.

पण दिल्लीच्या आधी तहसीलचं काम करा. दोन कागद काढा. एक, जुन्या बंदोबस्ताचा (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाचा) आणि साधारण तीस वर्षांनी झालेल्या फेरबंदोबस्ताचा उतारा, तुमच्या सर्व्हे नंबरचा. दोन्हींच्या मध्ये खातेदाराचं नाव केव्हा आणि कोणाच्या नावे बदललं ते दिसेल, आणि त्यावरून सजेचं साल दोन-तीन वर्षांच्या फरकानं बांधता येईल. दोन, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल. लोक ती १८९० च्या आसपासची मागतात आणि काही नाही म्हणून परत येतात. तुम्ही १९११ ते १९३० ची मागा. माणूस अंदमानात वारला असेल तर त्याची नोंद गावच्या बुकात येणारच नाही. पण सुटून आला आणि गावच्या पांढरीत मेला असेल तर ती इथेच असेल, वयासकट. आजूबाजूच्या पाच-सहा गावांचीही पाहा, आणि खापरपणजीचं माहेर ज्या गावचं, ते सोडू नका.

उतारे मोडीत असतील तर घाबरू नका, वाचणारे अजून आहेत. फोटो सावलीत काढा, फ्लॅश लावू नका, आणि पानाची मागची बाजूही घ्या. नाव कमी केल्याचा शेरा पुष्कळदा तिथेच लिहिलेला असतो.